न विचारता आलेला दुभाष्या

(मंडळाच्या शनिवारच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे.)



आजच्या विषयाचं नाव ईमेलमध्ये वाचून दोघातिघांनी मला फोन केला. "अरे, लिनक्सच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर आपोआप कसा येतो, हे शनिवारी संध्याकाळी ऐकायचं? आठवडाभर ऑफिसात तेच करतो की!" त्यांची तक्रार रास्त आहे. आणि इथे बसलेल्या डॉक्टर आणि अकाउंटंट मंडळींची तक्रार तर त्याहून रास्त. तरीही मी हाच विषय धरून बसलो, कारण गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली आणि तिचा भुर्दंड दुसऱ्याच कोणाला तरी पडला. ती चूक सांगायची तर आधी थोडी यंत्रणा सांगावी लागेल.

सुरुवात हॉस्पिटलपासून करू. तुमच्यापैकी पुष्कळांचे आईवडील इथे सहा महिन्यांसाठी येतात. एखाद्या रात्री आईच्या छातीत दुखतं, तुम्ही इमर्जन्सीत नेता. नर्स विचारते, "भाषा कोणती?" कागदावर 'मराठी' लिहिलं जातं आणि थोड्या वेळाने फोनवर दुभाष्या हजर होतो. आईने दुभाष्याचं नाव सांगितलेलं नसतं, डॉक्टरनेही नसतं. कुठेतरी एक यादी असते, कोणत्या भाषेला कोणाला हाक मारायची याची. सगळं काम ती यादी करते.

संगणकातला ड्रायव्हर म्हणजे असाच दुभाष्या. प्रत्येक यंत्राची, म्हणजे वायफायच्या चिपची, प्रिंटरची, कॅमेऱ्याची, स्वतःची बोली असते. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्याला या सगळ्या बोली येत नाहीत, यायची गरजही नाही. यंत्र जोडलं की त्याची बोली जाणणारा ड्रायव्हर शोधून आत घ्यायचा, एवढं केलं की झालं. लिनक्समध्ये या सुट्या तुकड्याला मॉड्यूल म्हणतात.

फरक एकच, पण तो फार मोठा आहे. हॉस्पिटलमधला दुभाष्या फोनवर असतो. हा दुभाष्या थेट ऑपरेशन थिएटरमध्ये येतो आणि सर्जनच्या हातात जी सुरी असते तीच याच्याही हातात असते. कर्नलच्या आत आलेल्या कोडला संगणकाची सगळी मेमरी, सगळी डिस्क, सगळं खुलं. तिथे 'थोडासा प्रवेश' असा प्रकार नाही.

जंपर आणि दोन ओळी

आमच्या पिढीतल्यांना आठवत असेल, नव्वदच्या दशकाच्या शेवटी 'पीसी क्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची. पुण्याला हॉस्टेलवर आम्ही चौघांनी एक असेंबल केलेला पीसी घेतला होता. त्यात एनई-२००० जातीचं स्वस्त नेटवर्क कार्ड. त्या कार्डाला स्वतःचं नाव सांगता येत नसे. स्लॉटमध्ये ते मुक्यासारखं बसून राही. कार्डावरचे छोटे जंपर बघायचे, पत्ता ३०० आहे की ३२० हे ओळखायचं आणि मग एका फाइलमध्ये दोन ओळी लिहायच्या: पहिल्या नेटवर्क कार्डासाठी 'एनई' हा ड्रायव्हर घ्या, आणि त्याला पत्ता ३०० सांगा. आकडा चुकला की मशीन जागच्या जागी गोठायचं.

'आपोआप' तेव्हाही होतं. १९९५ च्या सुमाराला 'कर्नलडी' नावाचा मदतनीस प्रोग्राम आला होता, आणि १९९९ च्या जानेवारीत आलेल्या २.२ आवृत्तीत तेच काम 'केमॉड' हा कर्नलमधला छोटा भाग करू लागला. कर्नलला गरज पडली की तो हाक मारायचा. पण कोणाला हाक मारायची हे त्या त्या संगणकाच्या मालकाला लिहून ठेवावं लागे. म्हणजे ज्याला जंपर वाचता येतात त्याचं नेटवर्क चालणार, बाकीच्यांनी त्याच्या दारात उभं राहायचं. आमच्या मजल्यावर तो माणूस मी होतो, आणि खरं सांगतो, मला त्याचा माज होता.

ओळख, यादी, हाक

पुढे दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे यंत्रं स्वतःची ओळख सांगू लागली. पीसीआय कार्ड असो वा यूएसबीचं साधन, आत दोन क्रमांक कोरलेले असतात, एक कंपनीचा आणि एक मॉडेलचा. हे कंपनी-क्रमांक वाटणाऱ्या दोन्ही संस्था ओरेगॉनमधल्या बीव्हर्टन गावात आहेत. इंटेलचा पीसीआय क्रमांक आहे ८०८६, त्यांच्या जुन्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा. इंजिनियर मंडळींना एवढा विनोद परवडतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कोणत्या क्रमांकाला कोणता ड्रायव्हर हे ज्ञान प्रत्येक मालकाच्या फाइलमधून निघालं आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या कोडमध्ये गेलं. ड्रायव्हर लिहिणारा आपल्या कोडमध्येच एक तक्ता देतो: अमुक क्रमांकाची यंत्रं मला समजतात. कर्नल बसवताना 'डेपमॉड' नावाचा प्रोग्राम सगळ्या ड्रायव्हरांचे तक्ते गोळा करून एक मोठी यादी करतो. हजारो ओळींची साधी मजकुराची फाइल असते ती, कोणीही उघडून वाचावी.

आता तुम्ही वायफायचा डोंगल लावला की काय होतं बघा. कर्नल क्रमांक वाचतो आणि त्यांची एक लांबलचक ओळ बनवतो. तिला 'मोडअलायस' म्हणतात. ती ओळ तो बाहेर 'यूडेव्ह' नावाच्या प्रोग्रामला कळवतो. यूडेव्ह कामाला लागतो. तो यादीत ओळ शोधतो, त्या ड्रायव्हरला आणखी कोणाची मदत लागते ते दुसऱ्या यादीत बघतो आणि सगळ्यांना ओळीने आत पाठवतो. दारात कर्नल तपासतो: हा ड्रायव्हर याच आवृत्तीसाठी बांधलेला आहे का? तशी सक्ती केलेली असेल तर सहीसुद्धा बघतो. मग ड्रायव्हर यंत्राशी दोन शब्द बोलतो आणि म्हणतो, हो, हे माझं. पापणी लवायच्या आत हे सगळं उरकतं.

ही घडी बसली ती २००३ च्या आसपास, २.६ आवृत्तीबरोबर. त्यात पॅट्रिक मोशेल, रस्टी रसेल, ग्रेग क्रोह-हार्टमन अशा अनेकांचा हात होता. यूडेव्ह सुरू केला तो क्रोह-हार्टमननं, तेव्हा तो आयबीएममध्ये होता. यातून माझ्यासारख्या जंपरवाल्यांचं महत्त्व संपलं. एकाने एकदा लिहिलं की जगभर सगळ्यांचं यंत्र चालतं, कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. ज्ञान सार्वजनिक झालं की काय होतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

मी लिहिलेली एक ओळ

आता चूक. आमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीत आम्ही काही जण जुने लॅपटॉप दुरुस्त करतो. लोक देऊन टाकतात ते आणायचे, डिस्क पुसायची, लिनक्स घालायचं आणि ज्यांना घेणं परवडत नाही त्यांना द्यायचे. नवीन काही नाही यात. पोर्टलंडमध्ये 'फ्री गीक' नावाची संस्था २००० सालापासून हे मोठ्या प्रमाणावर करते आहे.

त्या खेपेला एकाच मॉडेलचे बारा लॅपटॉप मिळाले. वायफायची चिप अशा कंपनीची की तिने तिच्या बोलीचा कागद कधी कोणाला नीट दिला नाही. कर्नलमध्ये त्या चिपसाठी लोकांनी खटपट करून लिहिलेला मुक्त ड्रायव्हर होता, तो चाले पण हळू. कंपनीचा बंद ड्रायव्हर वेगळा मिळे, तो झपाट्याने चाले. मी हुशारी केली. कंपनीचा ड्रायव्हर घातला आणि दोघांचं भांडण नको म्हणून मुक्त ड्रायव्हरला काळ्या यादीत टाकलं. एका फाइलमध्ये एक ओळ. बाराही लॅपटॉपवर तीच. कुठे टिपण नाही, तारीख नाही, माझं नाव नाही.

तीनेक महिन्यांनी एका रविवारी रात्री अपडेट आलं, कर्नलची आवृत्ती बदलली. कंपनीचा ड्रायव्हर जुन्या आवृत्तीसाठी बांधलेला, त्याला दारातच अडवलं. अडवलं ते बरोबरच. मुक्त ड्रायव्हर नव्या कर्नलबरोबर आलेला, अगदी तयारीत उभा. पण त्याला हाक मारायची नाही असं मी लिहून ठेवलेलं. दोन्ही दुभाषे बाहेर. चिप आपली ओळख सांगते आहे आणि ऐकणारं कोणी नाही.

बारापैकी एक लॅपटॉप ज्या बाईंकडे होता त्या दिवसा एका हॉटेलच्या भटारखान्यात काम करायच्या आणि रात्री नर्सिंग असिस्टंटच्या परीक्षेचा ऑनलाइन अभ्यास करायच्या. सोमवारी रात्री बाराच्या आत चाचणी पाठवायची होती. राहून गेली. पुढच्या तुकडीसाठी त्यांना दोन महिने थांबावं लागलं. मंगळवारी त्या लॅपटॉप घेऊन लायब्ररीत आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे, की "मी काहीच केलं नाही हो, कशालाही हात लावला नाही."

मंडळी, ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांनी खरंच काही केलं नव्हतं. सगळं आपोआप झालं होतं. पण आधी स्वतःला दोषी धरलं ते त्यांनीच. यंत्र 'आपोआप' वागतं तेव्हा दोष हमखास समोर बसलेल्या माणसाकडे जातो, कारण यादी लिहिणारा खोलीत नसतो. इथे यादी लिहिणारा मी होतो. ती ओळ खोडायला मला दहा सेकंद लागली. त्यांचे दोन महिने कोण परत देणार?

मदत मागणारा कोण?

ही झाली दार विनाकारण बंद राहिल्याची गोष्ट. दुसरी बाजू आहे दार विनाकारण उघडं राहण्याची.

मघाशी मी म्हटलं की यंत्र आपली ओळख सांगतं. ती खरी आहे का हे कोण तपासतं? कोणी नाही. काही यंत्रांच्या बाबतीत तर मॉडेलकडे न बघता त्यांनी सांगितलेला वर्ग तेवढा बघितला जातो: मी कीबोर्ड आहे, मी साठवणुकीचं साधन आहे. म्हणूनच कुठल्याही कंपनीचा पेन ड्राइव्ह लावला की चालतो. ही सोय आहे आणि भोकही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये लास व्हेगसच्या 'ब्लॅक हॅट' परिषदेत कार्स्टन नोल आणि याकोब लेल या दोघांनी दाखवलं की पेन ड्राइव्हच्या आतला प्रोग्राम बदलला तर तो 'मी कीबोर्ड आहे' असं सांगू शकतो. संगणक विश्वास ठेवतो, कीबोर्डचा ड्रायव्हर देतो आणि पेन ड्राइव्ह तुमच्या नावाने टाइप करू लागतो. याला 'बॅडयूएसबी' असं नाव पडलं. चूक ना ड्रायव्हरची, ना यादीची. सांगितलेल्या ओळखीवर डोळे मिटून विश्वास, एवढंच.

दुसरं उदाहरण यंत्राचं नाही, पण यंत्रणा तीच. लिनक्समध्ये नेटवर्कचे नियम, ज्यांना प्रोटोकॉल म्हणतात, तेही मॉड्यूल म्हणून आपोआप येतात. 'डीसीसीपी' नावाचा एक प्रोटोकॉल २००५ मध्ये कर्नलमध्ये आला. वापरणारे अगदी थोडे. पण साध्या, कसलाही अधिकार नसलेल्या वापरकर्त्याने "मला डीसीसीपी हवा" म्हटलं की कर्नल ते मॉड्यूल तत्परतेने आत घ्यायचा. २०१७ च्या फेब्रुवारीत आंद्रे कोनोवालोव्ह या संशोधकाने त्यातली एक चूक उजेडात आणली, जिच्या आधारे साधा वापरकर्ता संगणकाचा मालक होऊ शकत होता. चूक दहा वर्षांहून जुनी. ज्या कंपन्यांनी आयुष्यात डीसीसीपीचं नावही ऐकलं नव्हतं त्यांच्याही सर्व्हरवर ती होती, कारण दाराला आतून कडीच नव्हती. शेवटी २०२५ मध्ये तो प्रोटोकॉल लिनक्समधून काढूनच टाकला.

आणि गाभ्यात शिरलेला कोड चुकला तर काय होतं, हे विंडोजच्या जगाने १९ जुलै २०२४ ला पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये बसलेला, आणि त्याच्यासाठी माहितीची एक सदोष फाइल आपोआप आली. मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने सुमारे ८५ लाख संगणक कोसळले. विमानं थांबली, हॉस्पिटलांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. इथल्या डॉक्टरांपैकी काहींना तो शुक्रवार आठवत असेल. तिथे नवा ड्रायव्हर आला नव्हता, आधीच आत असलेल्या दुभाष्याला कोणीतरी चुकीचा कागद दिला होता. पण सुरी त्याच्या हातात होती.

यादी कोणाची?

मग आपोआप येणं बंदच करावं का? करता येतं. लिनक्समध्ये २००९ पासून एक स्विच आहे, तो फिरवला की यंत्र बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत एकही नवं मॉड्यूल आत येत नाही. बँकेच्या सर्व्हरला हे शोभतं, तिथे रोज नवा प्रिंटर कोण लावतो? पण लायब्ररीतल्या लॅपटॉपवर तो स्विच फिरवला की आपण परत जंपरच्या काळात आलो. ज्याला कळतं त्याचं चालेल, बाकीचे दारात.

एक गोष्ट विसरू नका. ज्या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचं आपण कौतुक करतो ती अशाच एका ड्रायव्हरच्या भांडणातून सुरू झाली. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेसर प्रिंटर आला. जुन्या प्रिंटरचा कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सोय रिचर्ड स्टॉलमनने केली होती. नव्याचा कोडच मिळेना. ज्याच्याकडे होता त्याने करारावर सही केली असल्याने द्यायला नकार दिला. १९८३ मध्ये स्टॉलमनने ग्नू प्रकल्प जाहीर केला. आणि २००७ मध्ये क्रोह-हार्टमनने कंपन्यांना उघड आवाहन केलं: तुम्ही फक्त यंत्राची माहिती द्या, आम्ही ड्रायव्हर फुकट लिहून देतो. आज कर्नलच्या सुमारे चार कोटी ओळींपैकी निम्म्याहून जास्त ड्रायव्हरांच्या आहेत. माझ्या बारा लॅपटॉपचा घोळ झाला त्याच्या मुळाशी एका कंपनीने न दिलेला कागद होता. पण त्यावर मी जी पट्टी लावली ती न सांगता लावली, हा दोष माझा.

तर मला सांगायचं आहे ते एवढंच. यंत्रणा आपोआप असावी, पण तिच्यामागची यादी उघडी असावी, आणि प्रत्येक अपवादाखाली नाव आणि तारीख असावी. आता मी काळ्या यादीत ओळ घातली की वरती कारण लिहितो, तारीख लिहितो, आपला ईमेल लिहितो आणि लॅपटॉपच्या पाठीवर चिकटवतो: "वायफाय गेलं तर यात तुमची चूक नाही, या माणसाला कळवा." वाचायला गमतीचं वाटेल, पण त्या कागदामुळे दोन फोन आले आहेत.

शेवटी एक मागणी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत सेवा संपली. तुमच्या बेसमेंटमध्ये असे लॅपटॉप पडलेले असणार जे विंडोज ११ घेत नाहीत. ते कचऱ्यात टाकू नका. त्यातल्या बहुतेकांचा दुभाष्या लिनक्सच्या यादीत आहे. पुढच्या बैठकीला येताना चार्जरसकट घेऊन या. चार्जर विसरू नका, त्याला मात्र ड्रायव्हर नाही!



चर्चेतले दोन प्रश्न

प्रश्न: काळ्या यादीत टाकलं की ते मॉड्यूल कधीच येत नाही ना?

उत्तर: नाही, आणि हा गैरसमज धोक्याचा आहे. त्या ओळीने फक्त ओळखीवरून मारलेली हाक बंद होते. दुसऱ्या मॉड्यूलला त्याची गरज असेल किंवा कोणी थेट नावाने बोलावलं तर ते येतं. पक्कं बंद करायचं तर त्या मॉड्यूलच्या नावाने 'बसवायच्या ऐवजी काहीच करू नका' अशी वेगळी ओळ लिहावी लागते. तिच्याखालीही नाव आणि तारीख घाला.

प्रश्न: त्या बाईंचं पुढे काय झालं?

उत्तर: पुढच्या तुकडीत त्या पास झाल्या. हल्ली त्यांना रात्रपाळी असते. लॅपटॉप अजून तोच आहे, हळू ड्रायव्हरवर. त्या म्हणाल्या, "हळू असला तरी चालेल, असला म्हणजे झालं."